शेजारच्या गोष्टी, लांबच्या वाटा

सिंगापूरला व्हिक्टोरिया स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालयाची सोळा मजली इमारत आहे. काही वर्षांपूर्वी त्या इमारतीत मी तीन दिवस एक कापडी पिशवी खांद्याला लावून हिंडत होतो. पिशवीत पाच मराठी चित्रपुस्तके होती. निमित्त होते आशियातील बालसाहित्याच्या महोत्सवाचे. 'एशियन फेस्टिव्हल ऑफ चिल्ड्रन्स कंटेंट' हे त्याचे अधिकृत नाव. २०१० पासून हा महोत्सव भरतो. लेखक, चित्रकार, प्रकाशक, अनुवादक, शिक्षक, ग्रंथपाल असे सगळे तिथे जमतात. चर्चा होतात, चित्रांचे प्रदर्शन असते, नवी पुस्तके मांडलेली असतात. एखाद्या देशाला केंद्रस्थानी ठेवण्याचीही तिथे प्रथा आहे. २०१४ साली तो मान भारताला मिळाला होता.

मी लेखक नाही आणि प्रकाशकही नाही. कोल्हापुरात छपाईच्या धंद्यात तीस वर्षे काढली आणि त्या काळात जुनी मराठी बालपुस्तके जमवत गेलो. पुतणी नोकरीनिमित्त सिंगापूरला आहे. तिने तिकीट पाठवले, नावनोंदणी केली आणि म्हणाली, "काका, एकदा बघून तर जा." म्हणून गेलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एका टेबलाशी दोन बायका शेजारी आल्या. एक मलय, मुलांच्या विभागात ग्रंथपाल. दुसरी सिंगापूरचीच तमिळ, शाळाशाळांत जाऊन गोष्टी सांगणारी. पिशवीतले एक पुस्तक ग्रंथपालबाईंनी चाळायला घेतले. अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, चित्रांवरून गोष्ट लावत होत्या. एका पानावर थांबून त्यांनी विचारले, "ही बाई कोण?"

मी म्हणालो, "आंट."

"आंट म्हणजे? आईची बहीण की वडिलांची? थोरली की धाकटी?" त्या सांगू लागल्या, मलयमध्ये नुसते 'आंट' म्हणून भागत नाही. सगळ्यांत थोरली असेल तर माक लोंग, मधली असेल तर माक ङाह, शेंडेफळ असेल तर माक सू. क्रम कळल्याशिवाय त्या मुलांना ही गोष्ट सांगणार कशा?

"वडिलांची बहीण," मी म्हणालो.

"मग अत्तै!" तमिळ बाई पटकन म्हणाल्या.

"आमच्यात आत्या," मी म्हणालो, आणि आम्ही तिघेही हसलो.

आमच्या तिघांच्याही घरात त्या बाईला नेमके नाव होते. आमच्यामध्ये जी भाषा उभी होती, तिच्यात तेवढे नव्हते. शेजारच्या घरातली गोष्ट आपल्या घरात येताना अशी कोणकोणत्या दारांतून वाकून येते आणि प्रत्येक दाराशी काय सोडून येते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्याचा जो माग मला काढता आला तो इथे मांडतो.

मराठीतून तमिळ, तमिळमधून मलय

आशियातल्या गोष्टी एकमेकींच्या घरी जायला छापखान्यासाठी थांबल्या नव्हत्या. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत आणले आणि 'कलीला व दिम्ना' म्हणून ते पश्चिमेकडे निघाले. पूर्वेकडे जावा, सयाम, लाओस इथल्या भाषांतही त्याच्या आवृत्त्या झाल्या. हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटतात ती एकोणिसाव्या शतकातली, मुद्रणयुगातली दोन कमी ठाऊक असलेली वर्षे.

पहिले १८२६. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजशी संबंधित असलेल्या तांडवराय मुदलियार यांनी त्या साली पंचतंत्र तमिळ गद्यात आणले. आधार संस्कृतचा नव्हता, मराठीचा होता. तंजावरला दीडशे वर्षे मराठी राज्य होते, तमिळ मुलखात मराठी जाणणारे पंडित आणि कारकून होते, हे लक्षात घेतले की त्यात नवल वाटत नाही.

दुसरे १८३५. मुन्शी अब्दुल्ला यांनी पंचतंत्र मलय भाषेत आणले, तमिळवरून. अब्दुल्लांचा जन्म १७९६ चा, मलाक्काचा. घराण्यात अरब आणि तमिळ अशी दोन्ही मुळे. सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सकडे त्यांनी लेखनिकाचे काम केले, पुढे सिंगापुरात राहून आत्मवृत्त लिहिले आणि आज आधुनिक मलय गद्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

मराठीवरून तमिळ, तमिळवरून मलय. मध्ये नऊ वर्षे आणि एक उपसागर. दोन्ही पायऱ्यांत इंग्रजी मजकूर नाही. या दोघांच्याही भोवती ईस्ट इंडिया कंपनीचीच व्यवस्था होती, मद्रासचे कॉलेज कंपनीच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्यासाठीच काढलेले होते, हे विसरून चालणार नाही. मालक इंग्रज होते. पण मजकूर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे थेट गेला. त्यासाठी दोन भाषा घरातल्यासारख्या जाणणारी माणसे त्या काळी हाताशी होती.

बंदर मुंबईचे, गोष्टी लंडनच्या

नेमक्या याच वर्षांत मराठी बालपुस्तकांची वाट दुसरीकडे वळत होती. मराठीत मुलांसाठी छापलेल्या पहिल्या पुस्तकांत तंजावरच्या 'बालबोध मुक्तावली'चे नाव येते. दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी छापखाना उभारला आणि त्यात ते छापून घेतले. पुस्तकातल्या गोष्टी इसापाच्या. म्हणजे पंचतंत्राच्या देशात, पंचतंत्राशी नाते सांगणाऱ्या गोष्टी ग्रीसच्या नावाने, युरोपला वळसा घालून आल्या.

१८२८ साली मुंबईत सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचे 'बाळमित्र' निघाले. मूळ लेखक फ्रेंच, बेर्कें. छत्र्यांनी ते इंग्रजीवरून मराठीत आणले. त्याच वर्षी त्यांची इसापनीतीही आली. छत्र्यांचे मराठी इतके घरगुती आहे की वाचताना परकेपणा जाणवत नाही. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. शाळा नव्या निघत होत्या, पुस्तके हवी होती, आणि भाषांतराला पैसा, छापखाना व शाबासकी देणारे हात इंग्रजी वाचणारे होते.

पण सवय लागली ती लागलीच. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. नावात अरबी भाषा आहे, अनुवाद इंग्रजीवरून आहे. त्या काळी मुंबईच्या बंदरात अरबी गलबते लागत होती, भेंडीबाजारात अरबी घोड्यांचे व्यापारी होते, शहरात अरबी जाणणारे मौलवी होते. माणसे समुद्रापलीकडून सरळ येत होती, गोष्टी मात्र लंडनहून येत होत्या. शेजाऱ्याशी बोलायचे तर लांबच्या काकांमार्फत बोलायचे, असा हा प्रकार. पुढची शंभर वर्षे तो बदलला नाही.

समरकंदहून कराडला, मॉस्कोमार्गे

माझे बालपण कराडला गेले. तिथे रशियन पुस्तकांची गाडी येई. प्रगती, रादुगा, मीर या मॉस्कोच्या प्रकाशनगृहांची पुस्तके लोकवाङ्मय गृहातर्फे महाराष्ट्रभर पोहोचत. कागद जाड, बांधणी शिवलेली, चित्रे रंगीत आणि किंमत इतकी कमी की वडील नाही म्हणत नसत. माझ्या पिढीच्या अनेकांनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो या पुस्तकांत.

त्यातले एक मध्य आशियातल्या लोककथांचे होते. मुखपृष्ठ लवकरच फाटले, त्यामुळे नाव आठवत नाही. पण टरबुजाचे मळे, गाढवावरून बाजाराला निघालेला म्हातारा, डोईवर चौकोनी टोपी हे सगळे आठवते. ते सगळे रशियाच समजून मी वाढलो. ते उझबेकांचे आहे, समरकंद-बुखाऱ्याचे आहे आणि बाबर तिकडूनच आला होता, हे फार उशिरा उमगले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकातला प्रदेश गोष्टीच्या पुस्तकात दुसऱ्याच नावाने राहत होता.

मॉस्कोच्या व्यवस्थेची एक बाजू मात्र कौतुकाची होती. तिथे भारतीय भाषांचे अनुवादक राहून काम करत होते. अनिल हवालदारांसारखे अनुवादक रशियनमधून मराठीत थेट भाषांतर करत. म्हणजे इंग्रजीचे दार टळले. पण उझबेक गोष्टीला मराठीत यायला आधी रशियन व्हावे लागे आणि आपल्या गोष्टींपैकी कोणती बाहेर पाठवायची हे समरकंद नव्हे, मॉस्को ठरवत असे. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि ही वाट एका झटक्यात बंद झाली. वाट ज्याच्या मालकीची, तो गेला की वाटही जाते, हा त्यातला धडा.

टोकियोचा प्रयत्न आणि काळी प्लेट

वाट कोणा एकाच्या मालकीची नसावी, असा विचार करून आखलेला एक प्रयत्न आशियात झाला. मराठी वाचकांपर्यंत त्याची माहिती फारशी आलेली नाही.

१९६६ च्या मे महिन्यात युनेस्कोने टोकियोत आशियातील ग्रंथनिर्मितीवर तज्ज्ञांची बैठक बोलावली. नव्याने स्वतंत्र झालेले देश, वाढत्या शाळा, कागदाची टंचाई आणि पुस्तकांचा दुष्काळ हा विषय होता. १९७१ साली टोकियोत युनेस्कोच्या कामासाठी आशियाई सांस्कृतिक केंद्र स्थापन झाले. (आपल्याकडे 'किशोर' मासिकाचा पहिला अंक निघाला तो याच वर्षी.) १९७२ हे आंतरराष्ट्रीय ग्रंथवर्ष पाळले गेले, दिल्लीचा पहिला विश्व पुस्तक मेळाही त्याच वर्षीचा. पाठोपाठ टोकियोच्या केंद्राने आशियाई देशांच्या सहप्रकाशनाचा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक देशाने आपली गोष्ट द्यायची, आपल्याच चित्रकाराकडून चित्रे काढून घ्यायची, सगळ्यांनी मिळून संपादन करायचे आणि तेच पुस्तक प्रत्येकाने आपापल्या भाषेत काढायचे. १९७५ पासून आशियाच्या लोककथांचे आणि सणांचे खंड याच पद्धतीने निघाले. ज्या देशांच्या सैन्यांची काही वर्षांपूर्वी गाठ पडली होती, त्यांच्या गोष्टी एका पुठ्ठ्यात आल्या. १९७८ पासून याच केंद्राने नोमा यांच्या नावाची चित्रपुस्तकांची स्पर्धा सुरू केली. ती तीस वर्षे चालली आणि आशियातल्या कितीतरी चित्रकारांना तिने पहिल्यांदा देशाबाहेर नेले.

अशा सहप्रकाशनाचे अर्थशास्त्र ज्यावर उभे असते, ती गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती माझ्या हातातली होती. रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात: निळी, लाल, पिवळी आणि काळी. चित्राचा खर्च पहिल्या तीन प्लेटांत असतो. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवला, तर तीन रंगांचे काम सगळ्या भाषांसाठी एकदाच होते. भाषा बदलली की नुसती काळी प्लेट बदलायची. युरोपातली चित्रपुस्तकेही याच हिशोबाने देशोदेशी जातात. गरीब भाषेला रंगीत पुस्तक परवडते ते यामुळे.

पण काळ्या प्लेटचे काही नियम आहेत. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे चालत नाहीत. चित्रात दुकानाची पाटी, भिंतीवरची जाहिरात, गाडीवरचे नाव नसलेले बरे, कारण ते बदलता येत नाही. म्हणजे चित्रकाराने बाजार काढायचा, पण मुका बाजार. आणि मजकुरासाठी सोडलेली जागा ठरलेली असते, ती बहुधा इंग्रजी मजकुराच्या मापाची. टोकियोच्या कार्यक्रमातही सगळ्यांचा सामाईक मजकूर इंग्रजीतच पक्का होई आणि मग तो इतर भाषांत जाई. शेजाऱ्यांनी मोठ्या कष्टाने आपली बैठक भरवली. पण सतरंजी इंग्रजीचीच होती.

त्या मापाचा त्रास मी स्वतः दिला आहे, म्हणून हे सांगतो. नव्वदच्या दशकात मी ज्या छापखान्यात होतो तिथे परदेशी मुळाचे एक चित्रपुस्तक मराठीत होत होते. संगणकावर मजकूर लावायचे काम माझ्याकडे होते. इंग्रजीच्या चार ओळींच्या जागेत मराठीच्या चार ओळी बसत नाहीत. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, ओळींत हवा लागते. टाइप लहान केला तर मुलांना वाचता येणार नाही. रात्रीचे नऊ वाजले होते, सकाळी फिल्म द्यायची होती. मी एका पानावरचे शेवटचे वाक्य काढून टाकले. अनुवादकाला विचारले नाही, कोणालाच विचारले नाही. पुस्तक वेळेवर निघाले आणि कोणाच्या काही लक्षातही आले नाही. त्या वाक्यात त्या मुलाची आजी त्याला काहीतरी म्हणत होती. माझ्या संग्रहातल्या प्रतीत ते वाक्य मी नंतर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. बाकीच्या प्रती ज्या मुलांकडे गेल्या, त्यांच्यापुरती ती आजी गप्पच राहिली.

दिल्ली, १९९८

या सगळ्या प्रयत्नांत राजकारण आडवे येते, ते किती अनपेक्षित रीतीने येते याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या 'इबी' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सव्विसावे अधिवेशन सप्टेंबर १९९८ मध्ये नवी दिल्लीत भरले. विषय होता बालसाहित्यातून शांतता. बीजभाषण जपानच्या सम्राज्ञी मिचिको करणार होत्या. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जपान हा अणुबाँब सोसलेला देश. दोन्ही सरकारांचे संबंध ताठरले आणि सम्राज्ञींचा दौरा होऊ शकला नाही. त्यांनी भाषण चित्रफितीवर पाठवले आणि दिल्लीच्या सभागृहात लोकांनी ते पडद्यावर पाहिले.

त्या भाषणात राजनैतिक काहीच नव्हते. युद्धकाळात शहर सोडून खेड्यात राहावे लागलेल्या एका मुलीला थोड्या पुस्तकांनी काय दिले, एवढेच त्यांनी सांगितले. लहानपणी ऐकलेली नीमी नान्किची यांची एक छोटी गोष्ट त्यांनी आठवली. आपल्या पाठीवरच्या शंखात दुःख भरले आहे असे वाटणारी एक गोगलगाय एकेका मैत्रिणीकडे जाते आणि प्रत्येकीच्या शंखात तेच असल्याचे तिला कळते. चाचण्यांच्या वर्षात, दिल्लीत, न येऊ शकलेल्या पाहुण्याच्या तोंडून ही गोष्ट ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

याच सम्राज्ञींचे आणखी एक काम आपल्या विषयाला धरून आहे. मिचिओ मादो हे जपानचे मुलांचे थोर कवी. त्यांच्या कविता मिचिको यांनी निवडून इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक १९९२ मध्ये निघाले आणि १९९४ साली मादो यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. पुस्तके छापण्यात अग्रेसर असलेल्या देशाच्या मान्यवर कवीला जगाने पाहावे म्हणून राजघराण्यातल्या व्यक्तीने इंग्रजीचा दरवाजा उघडून द्यावा लागला. मग आपल्या भाषांतल्या कवींचे काय, हे वेगळे सांगायला नको.

पुन्हा सिंगापूर

आता महोत्सवाकडे परत येतो. सिंगापूरच्या चार राजभाषा आहेत: इंग्रजी, मलय, चिनी आणि तमिळ. ग्रंथालयात मुलांची पुस्तके चारही भाषांत मांडलेली दिसतात. आशियाई बालसाहित्याचा वेगळा संग्रहही राष्ट्रीय ग्रंथालयाने जपला आहे. तमिळ गोष्टीची पुस्तके मलय पुस्तकांच्या शेजारी पाहून मला हेवा वाटला. पण महोत्सवाची व्यवहाराची भाषा इंग्रजीच होती, आणि दुसरी कोणती असणार? फिलिपिन्सचा चित्रकार, कोरियाची लेखिका आणि इंडोनेशियाचा प्रकाशक आणखी कोणत्या भाषेत बोलतील? आशियाई कथेसाठी दिला जाणारा स्कोलॅस्टिक पुरस्कारही इंग्रजी हस्तलिखिताला मिळतो; २०११ मध्ये पहिल्यांदा तो उमा कृष्णस्वामी यांच्या 'बुक अंकल अँड मी'ला मिळाला.

सुरुवातीला मला याचा राग आला होता. पाच मराठी पुस्तके घेऊन आलेल्या माणसाला तो येणारच. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेवर वाढलेले आम्ही. भारतातल्या भाषांनी एकमेकींशी सरळ बोलावे, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेले. इथे तर आख्खा आशिया एकत्र आला होता आणि प्रत्येकजण आपली गोष्ट आधी इंग्रजीत उतरवून मग सांगत होता.

पण चहाच्या टेबलावरची ती आत्या आठवली की माझा राग थोडा वेगळ्या जागी सरकतो. आम्ही तिघे इंग्रजीतच बोलत होतो. इंग्रजी नसती तर ग्रंथपालबाईंना "आईची की वडिलांची?" हे विचारताच आले नसते. इंग्रजीने नेमका शब्द हिरावला, आणि तो कोणता हे विचारायची सोयही इंग्रजीनेच दिली. अडचण इंग्रजीत बोलण्याने होत नाही. इंग्रजी मजकूर हाच मूळ धरून त्यावरून पुढचे अनुवाद केले की होते. एकदा 'आंट' छापले गेले की तिसऱ्या भाषेतल्या अनुवादकाला प्रश्न पडतच नाही. तो आपला एखादा शब्द टाकून मोकळा होतो. विचारायला समोर माणूस असेल, तर आत्या आत्याच राहते.

मराठीच्या बाजूने पाहिले तर घरात माल नाही असे मुळीच नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले आणि आपल्या शिक्षकांनी ते आपलेच मानले. चिहिरो इवासाकींची चित्रे त्यामुळे गावोगाव पोहोचली. म्हणजे शेजारची चांगली गोष्ट आली की मराठी वाचक दार उघडतो. आपल्याकडूनही द्यायला पुष्कळ आहे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ चा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला. चेन्नईचे तूलिका अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, चित्रपुस्तके काढते. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे खुले व्यासपीठ सुरू केले. तिथल्या गोष्टी कोणीही आपल्या भाषेत आणू शकतो, परवानगी मागावी लागत नाही. तिथे मराठीही आहे, ख्मेर आणि इंडोनेशियनही. पडद्यावर काळ्या प्लेटचा खर्चच उरला नाही. टोकियोला फिल्मच्या पेट्या पाठवून जे करावे लागत होते, ते आज तालुक्याच्या गावी बसून होते. आता अडचण पैशाची कमी आणि माणसांची जास्त आहे. मराठी आणि तमिळ, मराठी आणि कन्नड, मराठी आणि बंगाली अशा दोन्ही भाषा घरातल्यासारख्या जाणणारी माणसे सीमेवरच्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना मुलांच्या पुस्तकाचा अनुवाद करशील का, असे मात्र कोणी विचारत नाही.

महोत्सवानंतर त्या तमिळ बाईंनी मला फोन केला. ज्या पुस्तकात ती आत्या होती, ते त्यांना तमिळमध्ये हवे होते, फक्त शाळेत सांगण्यापुरते. सात-आठ रविवार आम्ही फोनवर बसलो. मी मराठी वाक्य वाचायचो, त्याचा अर्थ मोडक्या इंग्रजीत सांगायचो, त्या तमिळमध्ये म्हणून दाखवायच्या. चिवड्यापाशी आम्ही एक पूर्ण रविवार घालवला. शेवटी त्यांना 'मिक्स्चर' आठवले आणि दोघांनाही हायसे वाटले. मग त्यांचा तमिळ मजकूर घेऊन ग्रंथपालबाईंनी मलय केले. आत्या मलयमध्ये माक सू झाली, कारण ती धाकटी आहे हे मधल्या काळात आम्ही ठरवून टाकले होते. मूळ पुस्तकात तसे कुठे लिहिलेले नाही. चित्रात तिची वेणी लांब आहे, एवढाच आधार.

मराठीतून तमिळ, तमिळमधून मलय. तांडवराय मुदलियार आणि मुन्शी अब्दुल्ला यांची वर्षे माझ्या वहीत नोंदली गेली ती यानंतर. आपण काही नवीन केले, हा माझा भ्रम त्या दिवशी गेला. त्या बदल्यात, ही वाट जुनी आहे आणि अजून चालण्याजोगी आहे, हे समजले. ती एक प्रत आज सिंगापुरात आहे. प्रत्येक पानावर मराठी ओळींच्या खाली दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. चिठ्ठ्यांमुळे चित्राचा थोडा भाग झाकला गेला आहे, आणि छापखान्यातल्या माझ्या सवयीला ते खुपते.

शेवटी एक लहानशी मागणी, प्रकाशकांकडे आणि माझ्यासारख्या संग्राहकांकडेही. अनुवादित बालपुस्तकाच्या आतल्या पानावर अनुवादकाचे नाव असते, कधी कधी तेही नसते. अनुवाद कोणत्या भाषेवरून केला, हे तर फारच थोड्या पुस्तकांवर सापडते. एवढी एक ओळ छापली जावी. ती काळ्या प्लेटवरच बसते, तिला वेगळा खर्च नाही. गोष्ट कोणाच्या घरची आणि ती आपल्याकडे कोणकोणत्या दारांतून आली, एवढे तरी ती वाचणाऱ्या मुलाला मोठेपणी शोधता यावे. मला माझ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचे घर शोधायला चाळीस वर्षे लागली.